पुष्पक पुन्हा उभं करायचंय, हातभार लावा

सस्नेह नमस्कार.

आमच्या शेडमध्ये एक विमान आहे. पंख उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेत, इंजिनाची जागा रिकामी आहे आणि शेपटीकडच्या कापडाला नुसतं बोट लावलं तरी पापुद्रा सुटून हातात येतो. पण आतला पोलादी नळ्यांचा सांगाडा अजून शाबूत आहे. एकेका जोडावरचं वेल्डिंग इतकं देखणं आहे की परवा उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री बॅटरी घेऊन अर्धा तास तेच पाहत बसले. हे एचएएलचं, म्हणजे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स या विमान कारखान्याचं, ‘पुष्पक’. ते उभं करण्यासाठी आम्ही आपल्या दारात आलो आहोत.

पुष्पकचे कर्ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर भागातले. जन्म 1908 चा. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते वायुगतिशास्त्र, म्हणजे वाहत्या हवेचं शास्त्र, शिकले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. तिथे घाटगे यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. त्यांनी आखलेलं एचटी-2 हे शिकाऊ विमान 5 ऑगस्ट 1951 ला उडालं. त्यानंतर 28 सप्टेंबर 1958 ला पुष्पक. आपल्या उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्येच सुरू झाला होता. इतकं असून घाटगे यांचं नाव इथल्या किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे? याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पुष्पक बनलं ते फ्लाइंग क्लबांसाठी, म्हणजे विमान उडवायला शिकवणाऱ्या संस्थांसाठी. मुंबईचा क्लब 1928 चा. जेआरडी टाटांना 10 फेब्रुवारी 1929 ला वैमानिकाचा परवाना मिळाला, तो तिथे शिकूनच. पण त्या काळी क्लबांची विमानं यायची विलायतेहून. स्वातंत्र्यानंतर साध्या घरच्या पोरापोरींनी उडायला शिकायचं तर विमान इथेच बनायला हवं होतं. खर्चाला परवडणारं, शिकाऊ हाताचे धक्के सोसणारं, आणि बिघडलं तर क्लबच्याच फिटरला दुरुस्त करता येईल असं. तशी सुमारे 160 पुष्पकं बंगळूरला तयार झाली आणि देशभरच्या क्लबांत गेली.

त्याचा मूळ घाट अमेरिकेच्या ‘एरॉन्का चीफ’ या विमानावर बेतलेला होता. मग यात आपलं काय, असं काहीजण विचारतात. आमच्या मते आपलं पुष्कळ आहे. 160 विमानं एकामागून एक बनवायची, दर वेळी तोच जोड तितकाच पक्का बसवायचा, हे कागदावरच्या आराखड्यातून आपोआप होत नाही. कारखाना चालवणाऱ्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

विमान अगदी साधं. शेजारीशेजारी दोन जागा, एकीवर शिकवणारा, दुसरीवर शिकणारा. 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. त्याला स्टार्टरच नाही! चाकांना ठोकळे लावायचे, आतून ‘स्विच ऑफ’ची खात्री करून घ्यायची, मग खाली उभ्या माणसाने पंखा हाताने दोन-चार वेळा फिरवायचा. त्यानंतर ‘कॉन्टॅक्ट’, म्हणजे ‘स्विच चालू’, अशी हाळी, एक जोरकस हिसका, आणि तो माणूस लगेच मागे. हे काम वर्षानुवर्षं केलेले एक काका आम्हाला भेटले. बोलता बोलता ते उठले आणि रिकाम्या हवेतच हात फिरवून दाखवू लागले. पाऊल कुठे ठेवायचं, तेसुद्धा त्यांच्या पायांना अजून आठवत होतं.

हे विमान ज्या क्लबात होतं, तिथली लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवह्या, मात्र आम्ही पोचण्याआधीच रद्दीत गेली. कोण शिकलं, पहिल्यांदा एकटं कोण उडालं, सगळं किलोच्या भावाने गेलं. म्हणून पहिली विनंती पैशांची नाही. आपल्या घरात कुणी वैमानिक, फिटर, शिकवणारे असतील, त्यांचं लॉगबुक, फोटो, पत्रं असतील, तर फेकू नका. आम्ही समोर बसून त्याची प्रत काढू आणि मूळ वस्तू तिथेच परत देऊ. आणि जी माणसं हयात आहेत, त्यांना आमच्याशी तासभर बोलू द्या.

दुसरी विनंती जागेची. पंख जोडले की टोकापासून टोकापर्यंत सुमारे 36 फूट होतात. आमची शेड अपुरी पडते. गळत नसलेलं मोठं गोडाऊन कुणी वर्षभर दिलं तर निम्मी काळजी मिटेल.

कारागिरीचीही गरज आहेच. गंजलेल्या नळ्या बदलण्यासाठी वेल्डर, पंखांच्या फासळ्यांना कापड मेणदोऱ्याने शिवणारे हात, आणि कुणाच्या माहितीत असेल तर भंगारातलं, न चालणारं का होईना, एक कॉन्टिनेंटल इंजिन. विमान आकाशात न्यायचं नाही. ते मुलांना जवळून पाहता यावं, आत बसून दांडा हलवला की पंखाची पट्टी कशी वरखाली होते हे कळावं, एवढंच आम्हाला हवंय.

आणि पैसे. कापड, डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप), रंग, लाकूड, वाहतूक याला रोकड लागतेच. फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब शेडच्या दारावर लावला जाईल.

वेळेचं एक सांगायला हवं. दमट हवेत डोप लावला की तो पांढरा पडतो आणि कापड नीट ताणलं जात नाही. त्यामुळे कापड चढवायचं काम पाऊस संपल्यावरच होईल. त्याआधी सांगाडा घासून, गंज काढून, प्राइमर मारून तयार हवा. दर रविवारी सकाळी आठपासून आम्ही शेडमध्ये असतो. घासकाम कुणालाही जमतं, येताना जुने कपडे घालून या.

आपले नम्र,
समितीचे सर्व कार्यकर्ते, कोल्हापूर