नारदाच्या गादीवर उभी राहण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सप्ताहातल्या पाचव्या रात्रीची कीर्तनाची सेवा गावाने तुझ्या नावावर धरली आणि तू फोनवर म्हणालीस, "आई, कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. ज्याची मलाच खात्री नाही ते गादीवरून कसं सांगू?" हा प्रश्न तुला पडला याचा मला आनंद आहे. तो सोडून देऊ नकोस, त्याला हाताशी धरूनच तयारी कर.

अभंग चार चरणांचाच घे. नमन, जय जय रामकृष्ण हरी, रूपाचा अभंग, चाली यांत अर्धा तास सहज जातो. दोन तासांतून निरूपणाला दीड तासही धड उरत नाही. सात-आठ चरणांचा अभंग धरला की शेवटचे चरण उरकावे लागतात, आणि अभंगाचं मर्म बहुतेक वेळा तिथेच असतं. अभंग मोबाइलवरून उचलू नकोस, तुकोबांची गाथा उघडून स्वतःच्या हाताने उतरून घे. शासकीय गाथेत 4607 अभंग आहेत. देहूच्या प्रतीत तोच अभंग काढ आणि शब्द शब्दाशी लावून बघ. "तुका म्हणे" शेवटी आलं म्हणून अभंग तुकोबांचा ठरत नाही. ही चिकित्सा म्हणजे अश्रद्धा नव्हे. ज्ञानेश्वरीच्या प्रती अशुद्ध झाल्या होत्या, त्या ताडून 1584 साली पाठ कुणी शुद्ध केला? एकनाथांनी. आणि यात कुणी आपली ओवी घालेल तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल, असंही त्यांनीच बजावलं. बुद्धी आणि भाव एका माणसात कसे नांदतात, हे मला याहून चांगलं दाखवता येणार नाही.

प्रमाणं, म्हणजे आधाराला घ्यायच्या ओव्या, आठ-दहा पुरेत. प्रत्येकाचा अध्याय आणि ओवी वहीत लिहून ठेव. एका दमात वीस ओव्या म्हटल्या की टाळ्या पडतात, पण चरण कुठे होता हे श्रोता विसरतो आणि बोलणाराही.

आता तुझ्या खात्रीचं. तीन क्रियापदं वेगळी ठेव. जे नक्की आहे तिथे "आहे" म्हण: ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशात सांगितली गेली. पैठणच्या रेड्याची कथा आली की "परंपरा सांगते" म्हण आणि मग ती मनापासून सांग, त्यात कसर ठेवू नकोस. तुझं स्वतःचं असेल तिथे "मला वाटतं". ही तीन एकमेकांत मिसळली की खोटेपणा शिरतो. वेगळी राहिली तर तुला एकही शब्द गिळावा लागणार नाही.

एका मोहापासून मात्र तुला जास्त जपावं लागेल. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली ओवी आठव, न चालता सूर्याचं चालणं. पृथ्वी फिरते हे माउलींना ठाऊक होतं, असं तिच्यावरून कीर्तनात हमखास सांगतात. तू फिजिक्सची, तेव्हा मंडपात कुणी तरी ते तुझ्याच तोंडून वदवून घेईल. पण माउली तिथे खगोल शिकवत नाहीत. कर्मात असूनही न करणारा कसा असतो, ते दाखवायला सूर्य आणलाय. तो दृष्टांत आहे. दृष्टांताचा सिद्धांत केला की विज्ञानाची फरफट होते, आणि नैष्कर्म्य, ज्याच्यासाठी ओवी आली, ते बाजूलाच राहतं.

खरी परीक्षा कीर्तनानंतर. लोक पाया पडायला येतील. कुणी लेकराचा ताप सांगेल, अंगारा मागेल. अंगारा देऊ नकोस, दवाखान्याचं नाव दे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र किंवा गंडादोरा देणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कीर्तन-प्रवचनाला आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगायला त्याच कायद्यात मोकळीक आहे, तेव्हा कायद्याच्या नावाने कुणी भीती घातली तर घाबरू नकोस. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा एकादशीचं विचारेल. पोट रिकामं आणि औषध चालू, यात साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी नको, असं स्पष्ट सांग. औषध बंद करा, हे शब्द तुझ्या तोंडून कधीही निघता कामा नयेत.

कुणी म्हणेल, मला माळ घाला. तुळशीच्या 108 मण्यांबरोबर नेम येतात, मांस-दारू वर्ज्य, एकादशी, वारी. ते पुढे सांभाळायला पाठीशी फड, म्हणजे वारकऱ्यांचा समुदाय, लागतो. फडाच्या ज्येष्ठांकडे पाठव, ते ज्ञानेश्वरीवर ठेवून माळ घालतील. उपदेश मेघासारखा करावा, पण शिष्य करू नये, असं तुकोबाच सांगून गेले. शिष्याच्या कर्माचा अर्धा वाटा गुरूकडे येतो, हे त्यांनी दिलेलं कारण. तुला हे गुरूचं पद नको वाटतं ना? मग ती नको वाटणारी जागा तशीच राहू दे.

आणि जिचं मूल गेलंय अशी एखादी बाई येईल आणि विचारेल, माझंच का? पूर्वजन्मीचं कर्म म्हणून सांगू नकोस. तिच्या पदरात तू अपराध टाकशील. "मला माहीत नाही" म्हण आणि खाली सतरंजीवर तिच्याजवळ बस. ती उठेपर्यंत उठू नकोस, मंडपवाला दिवे घालवू लागला तरी.

पाकीट घेऊ नकोस, तुला पगार आहे. पाकीट आलं की पुढच्या वर्षी लोकांना काय आवडेल तेच बोलावंसं वाटतं.

सात दिवस वीणा खाली टेकत नाही, पहारा बदलताना ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तुझ्या मागे वीणेकरी उभा असेल, त्याच्या पाया पडूनच पुढे जा. बोलताना अडलीस, आवाज भरून आला, तर दोन पावलं मागे ये आणि फक्त ध्रुवपद धर. टाळकरी ते उचलतील, मृदंग वर चढेल, तेवढ्यात तुला श्वास घेता येईल. सुती नऊवारी काढून ठेवली आहे. मंडपात उकडतं.

तुझी,
आई