उजवीकडून येणाऱ्याला आधी

उझेसजवळ, जिल्हा गार, फ्रान्स
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिल्या,

'स. न. वि. वि.' लिहिलं तर तू पत्र तिथंच टाकून देशील, म्हणून आधी बातमी सांगतो. मी पास झालो! वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत. पस्तीस वर्षं अमेरिकेत गाडी हाकलेला माणूस इथे चोवीस वर्षांच्या पोरासमोर घाम पुसत बसला होता.

झालं असं, की अमेरिकेचं लायसन्स इथे पहिलं वर्ष चालतं. मग ते बदलून घ्यायचं, पण तुमच्या राज्याचा फ्रान्सशी करार असेल तरच. पेनसिल्व्हेनियाचा आहे, न्यू जर्सीचा नाही. मधे फक्त डेलावेअर नदी, रे! पलीकडच्या गावातला एक निवृत्त अमेरिकन पेनसिल्व्हेनियाचा निघाला. त्याने कागद दिले, लायसन्स घेतलं. आम्ही नदीच्या चुकीच्या काठावर घर घेतलं होतं, म्हणून आम्हाला लेखी परीक्षा, शिकवण्या, सगळं पहिल्यापासून. लेखीत ४० प्रश्न, ३५ बरोबर हवेत, आणि सगळं फ्रेंचमध्ये. पहिल्या खेपेला माझे ३३ आले. नंदाने 'दहावीतसुद्धा तुमचं असंच' म्हणून घेतलं. एप्रिलपासून सात महिने आम्ही बसच्या आणि शेजाऱ्यांच्या जिवावर काढले. बस दिवसातून दोनदा, त्यातली एक शाळेच्या सुट्टीत नसते.

यातली खरी मेख म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चौकात पाटी नसेल तर उजवीकडची गाडी पहिली, मग तुम्ही मोठ्या रस्त्यावर असा आणि ती बोळातून येत असो. इथे द्राक्षाच्या मळ्यांकडच्या डांबरी बोळातून ट्रॅक्टर निघतो आणि म्हातारा डावीकडे बघतसुद्धा नाही, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली की समजायचं, आता आपण राजे. त्याच पाटीवर काळी रेघ मारलेली दिसली की राज्य गेलं. माझा मास्तर दर बोळाशी नुसतं 'द्र्वात!' म्हणायचा, म्हणजे उजवीकडे. आता मी स्वयंपाकघरातून बाहेर पडतानासुद्धा उजवीकडे बघतो.

गियरची मात्र भीती नव्हती. दादाच्या प्रीमियर पद्मिनीचा स्टिअरिंगला लागून असलेला गियर ज्याने टाकलाय, त्याला कशाचीच भीती नसते. तू मागे बसून देवाचं नाव घेत होतास, आठवतंय?

जिल्ह्याचं नाव गार आहे ना, त्यावर तू हसणार हे मला माहीत आहे. २८ जून २०१९ला याच गारमधल्या गालार्ग गावात पारा ४५.९ अंशांवर गेला होता. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच लाकडी झडपा लावून घ्यायच्या आणि दिवसभर अंधारात बसायचं. मी सुरुवातीला उजेड हवा म्हणून उघड्या ठेवल्या, तर शेजारच्या आजी (वय ८४) येऊन काही न बोलता स्वतःच लावून गेल्या.

दुपारी बारा ते दोन इथे काही मागू नये. दुकान बंद, ग्रामपंचायत बंद, हार्डवेअरवाला बंद. न्यू जर्सीत रात्री अकरालाही खिळे मिळायचे, म्हणून सुरुवातीला चिडचिड व्हायची. बेकरीत पहिल्या दिवशी मी घाईत 'एक बॅगेट' म्हणालो. बाई माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश, शाळेत दम देतात तशी म्हणाली, "बोंजूर." आधी नमस्कार, मग पाव. आमचा पाव त्या दिवशी थोडा उशिरा मिळाला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो. पहिल्यांदा मी बाहेर धावत आलो, तर समोरचा माणूस शांतपणे मनगटावरचं घड्याळ लावत होता. चाचणी असते म्हणे, देशभर.

पण सगळ्यात मोठी गंमत सांगायची राहिलीच. पस्तीस वर्षं अमेरिकेत मी 'इंडियन' होतो. पासपोर्ट अमेरिकेचा झाला तरी लोक विचारायचे, "मूळचे कुठले?" इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकन झालो! पोस्टमन, कसाई, ग्रामपंचायतीची बाई, सगळ्यांना मी 'लामेरिकँ'. मे महिन्यात शेजाऱ्यांचं एकत्र जेवण असतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. आजींनी फर्मावलं, तुम्ही अमेरिकन काहीतरी आणा. नंदाने केली साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा इथे सुपरमार्केटात मिळतो, नाव 'पेर्ल द्यु जापों', म्हणजे जपानी मोती, आणि हे लोक त्याची दुधातली खीर करतात. कच्चे दाणे मिळाले नाहीत, म्हणून दारूबरोबर खायचे खारे दाणे कुटले आणि वरून मीठ घातलंच नाही. हिरवी मिरची उझेसच्या शनिवारच्या बाजारातल्या मोरोक्कन भाजीवाल्याकडची. पातेलं चाटूनपुसून संपलं. आजींनी विचारलं, "टेक्ससमध्ये हे रोज खातात का?" मी समजावून सांगणार होतो, पण नंदा म्हणाली, "फक्त एकादशीला." आता सगळ्या गल्लीला वाटतं की अमेरिकेत एकादशी असते.

अमेरिकन असण्याचा दुसरा भाग एवढा चविष्ट नाही. जगात कुठेही राहा, अमेरिकेला दरवर्षी कराचं विवरणपत्र द्यायचंच. असा हट्ट धरणारे देश फार थोडे, त्यातला एक आफ्रिकेतला एरिट्रिया. त्यात परदेशातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली, की त्याचा वेगळा फॉर्म. आणि बँकांना आमची कटकट नको असते. इथल्या एका बँकेत सगळं जुळलं होतं, मॅनेजरने कॉफीही पाजली. मग अमेरिकेचा पासपोर्ट बघून त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अहो, जन्म साताऱ्याचा आहे." त्याने अत्यंत नम्रपणे कॉफीचा कप उचलून ठेवला. तिसऱ्या बँकेने खातं दिलं.

तू आणि वहिनी मार्चमध्ये येताय हे नक्की ना? पॅरिसहून रेल्वेने साधारण तीन तास, नीम स्टेशनवर उतरा. येताना गोडा मसाला आण, पाव किलो पुरे. कंदी पेढे मात्र आणू नकोस, दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत, उगाच विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात जातील. जायच्या आदल्या दिवशी तूच खाऊन घे आणि मला फोनवर सांग कसे होते.

स्टेशनवर मीच येईन गाडी घेऊन. तू पुढे बस. उजवीकडून काही आलं की ओरड.

तुझा,
वश्या

ता. क. नंदा म्हणते, मसाल्याबरोबर उपवासाचं भाजणीचं पीठही चालेल. अमेरिकन लोकांना आवडतं.