पाक कमी करू नका, भर वाढवा: चुरमुऱ्याच्या भट्टीवरच्या मावशींना आभाराचं पत्र

मावशी, सा. न. वि. वि.

चुरमुऱ्याचे लाडू पौष्टिक करायचे म्हणजे गूळ निम्मा करायचा, या समजुतीला तुम्ही एका वाक्यात उडवून लावलंत. "पाक कमी करू नका गं, भर वाढवा," एवढंच बोललात आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं माप भरायला वळलात. त्या वाक्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण गूळ निम्मा करून लाडू फुटलेले आणि मग "हे घरी जमत नाही" म्हणून सोडून दिलेले पुष्कळजण आहेत.

वाक्य खरं का ठरतं ते काट्यावर कळतं. मापाचा एक कप चुरमुरे, म्हणजे २४० मिलीचा, जेमतेम १५ ग्रॅम भरतो. फुगलेला दाणा म्हणजे नुसती हवा आणि भोवती पातळ साल. वजन नाही, पण पृष्ठभाग भरपूर, आणि पाक बसतो तो पृष्ठभागावर. म्हणून जत्रेतल्या किंवा शाळेबाहेरच्या बरणीतल्या लाडवासारखा लाडू करायला ६० ग्रॅम चुरमुऱ्यांना १५० ग्रॅम गूळ लागतो, म्हणजे लाडवाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग गूळच. यात गूळ ७५ ग्रॅमवर आणला की दाण्यांना पाक पुरत नाही आणि लाडू हातातच सुटतो. पण त्याच चुरमुऱ्यांत शेंगदाण्याची भरड, पंढरपुरी डाळं असं जड काही घातलं, तर वजन तिप्पट होतं आणि पृष्ठभाग फारसा वाढत नाही. तोच पाक जास्त वजन धरून ठेवतो.

तुमच्या सांगण्यावरून बसवलेलं माप असं: चुरमुरे ६० ग्रॅम (चार कप), भाजून सोललेल्या शेंगदाण्याची जाड भरड ६० ग्रॅम, पंढरपुरी डाळं ४० ग्रॅम, भाजलेले तीळ ३० ग्रॅम, चिक्कीचा गूळ १४० ग्रॅम, पाणी एक मोठा चमचा, तूप एक छोटा चमचा. यात १५ ग्रॅमचे बावीस लाडू होतात. एका लाडवात गूळ साधारण सव्वासहा ग्रॅम. जुन्या मापात तो पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास जायचा. प्रथिनं लाडवामागे सुमारे ०.३ ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर आली, आणि ती शेंगदाणा-डाळ्याची, चुरमुऱ्याची नव्हेत. गूळ मात्र अवघा १० ग्रॅमनं कमी झालाय, हे लक्षात घ्या.

भर म्हणून काहीही चालतं असं मात्र नाही. तिळाचा दाणा बारीक, म्हणजे पुन्हा पृष्ठभागाचाच हिशेब: तीळ ३० चे ६० ग्रॅम केले की ते पाक पिऊन बसतात आणि चुरमुरे कोरडे राहतात. शेंगदाण्याचं बारीक कूट तर त्याहून वाईट. त्याला तेल सुटतं आणि तेलकट दाण्यावर पाक पकड घेत नाही. भरड अशी हवी की एका दाण्याचे चार-पाच तुकडे दिसले पाहिजेत. (लहानग्यांच्या लाडवात अख्खा दाणा असाही नकोच, घशात अडकतो.)

आता चुरमुरे. मुंबईला ते कुरमुरे, विदर्भात मुरमुरे, पण भट्टी सगळीकडे सारखीच तापलेल्या वाळूची. त्यामुळे घरी आणल्यावर पहिलं काम चाळणीचं. वाळूचा एक कण दाताखाली आला की पोरं पुन्हा लाडवाला हात लावत नाहीत. भडंगाचे जाड खारे चुरमुरे लाडवाला घेऊ नयेत, हे तुम्ही पिशवी बदलून देताना सांगितलंत. मीठ तर लागतंच, शिवाय तो जाड दाणा चावायला चिवट. त्यानंतरचं भाजणं घाईचं नव्हे: जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, सतत हलवत. रंग बदलू द्यायचा नाही. दाणा दोन बोटांत चिरडला की पीठ झालं पाहिजे. चपटा होऊन चिकटला तर त्यात अजून ओल आहे. हे चुरमुरे गार होऊ न देता पाकात जायला हवेत. गार दाण्यावर पाक पडला की जागीच थिजतो आणि चार गुठळ्या होतात, बाकीचे दाणे कोरडे.

पाकावर जरा थांबायला हवं, कारण दहा लाडू बिघडले तर त्यातले आठ इथे बिघडतात.

गूळ किसून घ्यायचा, खडे ठेवायचे नाहीत, नाहीतर अर्धा गूळ करपतो तेव्हा उरलेला वितळत असतो. पाणी आणि तूप घालून मंद-मध्यम आचेवर ठेवला की आधी तो पातळ होतो, मग कडेनं फेस धरतो. सुरुवातीचे बुडबुडे मोठे आणि सैल असतात आणि पटकन फुटतात. पाणी उडत जाईल तसे ते लहान, दाट, जड होतात, आणि ढवळताना उलथन्याला ओढ लागते. इथून दर अर्ध्या मिनिटाला वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून बघायचा. पहिल्यांदा थेंब पाण्यात पसरतो. मग मऊ गोळी होते, बोटांनी दाबली की चपटी होणारी. इथे थांबलात तर लाडू दिसायला छान, पण दुसऱ्या दिवशी दाताला चिकटणारा. मग कडक गोळी, जी दाबून ओढली तर ताणते. इथेही थांबायचं नाही. त्यानंतर गोळी ताटलीवर टाकली की टण् वाजते आणि मोडली तर काचेसारखी तुटते, ताणत नाही. हीच वेळ. साखरेचा थर्मामीटर असेल तर १४० ते १४५ अंश सेल्सिअस. त्यापुढे मिनिटभर जरी गेलं तरी गूळ कडवट होतो आणि वासावरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आच बंद करून चिमूटभर खायचा सोडा घालायचा, आठवा हिस्सा छोट्या चमच्याचा. पाक फसफसून फिका होतो, त्यात हवा अडकते आणि लाडू कडक न होता खुसखुशीत होतो. सोडा जास्त झाला तर साबणाची चव येते. तो वगळला तरी लाडू होतो, फक्त दाताला जरा जोर लागतो.

गुळाचा प्रश्न तुम्हीच सोडवलात, नाहीतर आम्ही आचेला दोष देत बसलो असतो. काळपट, ओलसर, पावसाळ्यात पाझरणारा गूळ कितीही आटवला तरी त्याचा लाडू चिकटच राहतो. त्यातली बरीचशी साखर आधीच फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेली असते आणि फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं. चिक्कीचा गूळ म्हणून दुकानात वेगळा मिळतो, तोच घ्यावा. मधाचा लाडू कधीच कडक होत नाही, त्याचं कारणही हेच. (वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात द्यायचा नसतो.) स्टीव्हियासारख्या बिनसाखरेच्या गोडीचा पाकच होत नाही, कारण चिकटवायला तिथे काही पदार्थच नसतो.

गुळाबद्दल एक स्पष्ट बोलावंसं वाटतं, कारण बाजारात "साखर नाही, गूळ आहे" हे पौष्टिकतेचं प्रमाणपत्र म्हणून फिरतं. शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ५ टक्क्यांच्या खाली असेल तर आणखी बरं. २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाला ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. जुन्या मापाचे अडीच लाडू खाल्ले की ती मर्यादा संपते, नव्या मापाचे चार. फरक आहे, पण लाडू औषध झालेला नाही.

वळण्याचं काम दोन-तीन मिनिटांत उरकावं लागतं, म्हणून शक्यतो दोघींनी बसावं. हात ओल्या फडक्याला नुसते पुसून घ्यायचे. हातावरून पाणी निथळत असेल तर तेवढ्या जागेचा पाक विरघळतो, लाडवाला चिकट डाग पडतो आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. आधी हलक्या हातानं गोळा करायचा, मग एकदाच घट्ट दाबायचा. सारखं दाबत राहिलं तर चुरमुरे फुटून भुगा होतो. मिश्रण थिजलं तर कढई तापल्या तव्यावर अर्धा मिनिट ठेवली की पुन्हा सुटतं. पण हे एकदाच. दुसऱ्यांदा गरम केलं की करपतं. एकटीच असाल तर सरळ तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच सुरीनं वड्या पाडा, चवीत काही फरक नाही.

राजगिऱ्याच्या लाह्यांचा लाडू हा याच घराण्यातला, आणि आमच्या मते जास्त गुणी. धान्यातच दम आहे: कच्च्या राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे प्रथिनं १३-१४ ग्रॅम. लाह्या १०० ग्रॅम, शेंगदाण्याची भरड ४० ग्रॅम, गूळ ११० ग्रॅम. इथे पाक मात्र कडक गोळीवरच थांबवायचा, टण् वाजेपर्यंत नेला तर लाडू चिक्कीसारखा दगड होतो. लाह्या घरी फोडायच्या तर कढई चांगली तापवून एका वेळी एकच मोठा चमचा राजगिरा टाकायचा आणि सुती कापडाच्या पुरचुंडीनं फिरवायचा. दहा-पंधरा सेकंदांत फुटला तर कढई बरोबर तापली आहे. नुसता लालसर होत राहिला तर कमी तापली आहे, आणि तो घाणा फुकट गेला. जास्त टाकला तर खालचा जळतो, वरचा फुटत नाही. गणंग, म्हणजे न फुटलेले कडक दाणे, मात्र बारीक चाळणीनं काढलेच पाहिजेत. ज्वारीच्या लाह्यांतही गणंग असतात, शिवाय कोंड्याची टरफलं घशाला टोचतात. त्या पाखडून घेतल्याशिवाय मुलांच्या लाडवाला वापरू नयेत.

खजुराच्या लाडवाबद्दल तुम्ही नुसतं नाक मुरडलंत. ते बरोबरच होतं, पण कारण सांगायला हवं. खजुरात पाणी असतं आणि चुरमुऱ्यात जवळजवळ नसतं. दोघं एका डब्यात आले की पाणी चुरमुऱ्यात शिरतं आणि चार तासांत कुरकुरीतपणा गेला. करायचाच असेल तर भाजलेले चुरमुरे आधी दोन छोटे चमचे तुपात घोळवून घ्यावेत, म्हणजे ओल जरा उशिरा शिरते. लाडू फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावेत आणि मऊ वडी म्हणूनच खावेत. खजुराची गोडीही साखरच, सोबत थोडा चोथा मिळतो एवढंच.

अमेरिकेत राहणारी मराठी घरं पौष्टिक कसं करायचं हाच प्रश्न 'राइस क्रिस्पीज ट्रीट'बद्दल विचारतात. केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात १९३९ च्या सुमारास बसवलेला तो प्रकार लोणी, मार्शमॅलो आणि फुगवलेला तांदूळ यांचा. मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, म्हणून शाकाहारी घरात अडतं. त्यांना वरचंच माप द्यावं. फक्त ते सीरियल आपल्या चुरमुऱ्यांहून जवळजवळ दुप्पट जड असतं, तेव्हा कपानं न घेता ६० ग्रॅम वजनानंच घ्यावं. त्यात साखर-मीठ आधीच असतं हे धरून चालावं, आणि भाजत न बसता नुसतं कोमट करून घ्यावं.

लाडू तासभर उघड्यावर गार करून मगच डब्यात भरावेत. कोमट भरले तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दहा-बारा दिवस कुरकुरीत राहतात, पावसाळ्यात त्याच्या निम्मे. त्यापुढे दाणे खवट व्हायला लागतात. एकदा मऊ पडलेला लाडू पुन्हा भाजून कुरकुरीत होत नाही, गूळ वितळून तव्याला लागतो. तो सरळ चुरून दुधात घालून खावा.

पत्रासोबत डबा पाठवतोय. वरच्या थरात चुरमुऱ्याचे आहेत, खालच्या थरात राजगिऱ्याचे. राजगिऱ्याच्या लाह्या दोनदा चाळल्यात, तरी गणंग लागला तर सांगा. डबा परत द्यायची घाई नाही.

आपल्या,
दर शनिवारी दोन किलो नेणाऱ्या चौघी

ता. क. तीळ शेंगदाण्याबरोबर भाजू नयेत, हे लिहायचं राहिलं. दाणे भाजून होईपर्यंत तीळ कडू झालेले असतात.