अंध मुलांच्या स्पर्शकौशल्य तपासणीसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

तालुक्यातल्या अंध मुलांची ब्रेल आणि स्पर्शकौशल्याची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वाचनालयात करायचं ठरलं आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

‘ब्रेल जमत नाही’ असा शेरा बसून काही मुलं घरीच राहिली आहेत. त्यांतल्या सात वर्षांच्या एका मुलीपुढे विशेष शिक्षिकेने ब्रेलचा कागद ठेवला. ती एकाच अक्षरावर बोट वरखाली घासत राहिली, तेही इतकं दाबून की बोटाचं टोक पांढरं पडलं. दाबलं की ठिपके कळेनासे होतात. बोट हलकं ठेवून डावीकडून उजवीकडे न्यायचं असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं!

ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांच्या जागेत बसतं. भारती ब्रेलमध्ये नुसता पहिला ठिपका म्हणजे ‘अ’, त्याच्या जोडीला तिसरा आला की ‘क’. एवढा बारीक फरक ओळखण्याआधी बोटांना राजमा-वाटाणा, खरखरीत-गुळगुळीत हे वेगळं करता यायला हवं. दोन्ही हात मिळून चालतात का, पुढची ओळ सापडते का, स्टायलसने (ब्रेल लिहायच्या टोचणीने) ठिपके टोचण्याइतका हातात जोर आहे का, हे सगळं बघायचं आहे. थोडं दिसणारी मुलं ठिपके डोळ्यांनी वाचतात, तेही ध्यानात घ्यावं लागतं. एका बैठकीत घाईने निकाल लावणं आम्हाला मान्य नाही. प्रत्येक मुलाला पुन्हा पुन्हा बोलवावं लागेल.

जुनी जाड कागदाची कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका द्या. ब्रेलच्या सरावाला हा कागद चांगला. उठावाचा गणपती असलेल्या पत्रिका वेगळ्या काढा, मुलं तो बोटांनी शोधत बसतात. शिंपीबांधवांनी खण, मखमल, गोणपाट यांचे तुकडे आणि बटणं ठेवावीत.

पैसे लागतील ते ब्रेल पाट्या, स्टायलस आणि टेलर फ्रेमसाठी (अंध मुलांची गणिताची खाचांची पाटी), शिवाय पालकांच्या एसटीभाड्यासाठी. मुलाला घेऊन यायचं तर आईचा किंवा वडिलांचा रोज बुडतो, तोही भरून द्यावा असं आमच्या मनात आहे.

अंध मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. तुमच्या वाडीत असं मूल घरी असेल तर त्याच्या आईवडिलांना हे सांगा आणि आम्हालाही कळवा.

वस्तू आणि देणगी वाचनालयात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत स्वीकारली जाईल. पावती आवर्जून घ्यावी.

आपले,
वाचनालयाचे कार्यकारी मंडळ