यंदाचं वाण: मण्यांची एक पुडी

ह्यूस्टन, जानेवारी २००६

सप्रेम नमस्कार.

गेल्या २६ जुलैच्या महापुराच्या वेळी आपल्यापैकी कितीतरी जण रात्रभर मुंबईचे फोन लावत बसले होते. महिनाभरानं, २९ ऑगस्टला, कॅटरिना चक्रीवादळ आलं. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, जवळजवळ ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं आणि तिथली हजारो माणसं आपल्या ह्यूस्टनमध्ये आसऱ्याला आली. तेव्हा आपण चादरी दिल्या, कपडे दिले. आताची मागणी काहींना चैनीची वाटेल. मणी हवेत, आणि पिसं.

ट्रेमे, लोअर नाइन्थ वॉर्ड अशा न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत 'मार्डी ग्रास इंडियन' म्हणवणाऱ्या टोळ्या आहेत. मार्डी ग्रास म्हणजे तिथला मिरवणुकांचा सण; त्या दिवशी हे लोक मूळ अमेरिकी धाटणीचा मणी-पिसांचा पोशाख घालून गल्लीत उतरतात. पळून आलेल्या गुलामांना मूळ अमेरिकी जमातींनी थारा दिला, त्याची जाण म्हणून हा वेष, असं ते सांगतात. दिवसभर कष्टाची कामं करून रात्री जागायचं, कॅनव्हासवर एकेक मणी टाचायचा. पोशाख ज्याचा त्यानं शिवायचा, आणि दरवर्षी नवा. टूटी मोंटाना हे त्यांचे थोर चीफ. पन्नासहून अधिक वर्षं शिवत होते. गेल्या २७ जूनला पोलिसांच्या दांडगाईबद्दल नगर परिषदेत बोलता बोलता ते कोसळले, ते गेलेच. दोन महिन्यांत वस्त्या बुडाल्या. पोशाख, मण्यांचे डबे, भिंतीवरचे फोटो, सगळं चिखलात.

माणसं पांगली आहेत. तरी इथल्या भाड्याच्या खोल्यांत काहींनी पुन्हा सुई धरली आहे. १९ मार्चला, सेंट जोसेफ या संताच्या सणाच्या रात्री, या टोळ्या पुन्हा पोशाखात बाहेर पडतात; तेव्हा आपापल्या गल्लीत उतरायचं म्हणून. घर नाही, पण पोशाख हवा, हे पंढरीची वारी न चुकवणाऱ्यांना वेगळं समजवायला नको.

तर यंदा हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या नकोत. वाण म्हणून काचेच्या बारीक मण्यांची पुडी आणा. टिकल्या, जाड दोरा, सुयाही चालतील. मार्डी ग्रासच्या मिरवणुकीत उधळतात त्या प्लॅस्टिकच्या माळा मात्र कृपा करून नकोत. शहामृगाची पिसं महाग पडतात, त्यासाठी पैसे खजिनदारांकडे द्या. पावती मिळेल, हिशेब पाडव्याला मांडू. नक्षी सुचवायला किंवा शिवून द्यायला जाऊ नये, ते काम त्यांचं.

पुरुष मंडळींसाठी: मार्चमध्ये सामान आणि माणसं घेऊन साडेतीनशे मैल जायचं आहे. मोठी गाडी असलेल्यांनी नावं द्या. भिजलेले फोटो स्कॅन करायलाही चार हात हवेत.

पुड्या रथसप्तमीपर्यंत स्वीकारू.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते