मशीनसोबत फिजिसिस्टचे पदही मंजूर करा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यात तंबाखू-मिश्रीची सवय जुनी. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलपासून मुंबईच्या टाटापर्यंत जातात. म्हणून सरकारी दवाखान्यांत रेडिएशनची यंत्रे येणार हे ऐकून आम्हाला मनापासून आनंद होतो. मागणी एकच: यंत्र मंजूर कराल त्याच आदेशात मेडिकल फिजिसिस्टची, म्हणजे किरणांचा डोस आखणाऱ्या-मोजणाऱ्या तज्ज्ञांची, कायम पदे मंजूर करा, आणि शंका आली तर यंत्र थांबवण्याचा अधिकार त्यांना लेखी द्या.

रेडिएशन द्यायचे का, किती ग्रे (डोस मोजण्याचे एकक), किती दिवसांत, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. सीटी स्कॅनवर गाठीची हद्दही तेच आखतात. तिथून पुढे फिजिसिस्ट. कोणत्या कोनांतून किरण सोडले तर गाठीला पुरता डोस मिळेल आणि मज्जारज्जू, लाळग्रंथी वाचतील, याचा आराखडा त्यांच्या देखरेखीत होतो. यंत्र दाखवते तेवढाच डोस खरोखर बाहेर पडतो का, हे तेच मोजून पाहतात. आराखड्यावर सही डॉक्टरांची, यंत्राचा भरवसा फिजिसिस्टचा. यातला कोणीही दुसऱ्याच्या हाताखालचा नाही.

डिसेंबर 1990 मध्ये स्पेनमधील झारागोझा इथे दुरुस्त केलेले यंत्र फिजिसिस्टकडून तपासून न घेताच सुरू झाले. 27 जणांना भलताच जास्त डोस गेला, अनेक जण दगावले. इंग्लंडमध्ये एक्सेटरला 1988 मध्ये यंत्रातल्या नव्या कोबाल्ट स्रोताचे (किरण सोडणाऱ्या पदार्थाचे) मोजमापच चुकले आणि 207 जणांना सुमारे 25 टक्के जास्त डोस मिळाला. म्हणजे एका माणसावर सगळे सोपवूनही चालत नाही. मोजमाप दुसऱ्याने स्वतंत्रपणे पडताळायला हवे. फिजिसिस्ट असल्याशिवाय अणुऊर्जा नियामक मंडळ परवाना देत नाही हे खरे, पण परवान्यापुरता एक कंत्राटी माणूस नेमून भागवू नका.

मी इथे फिजिक्स शिकवतो. एम.एस्सी.नंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, मग वर्षभर इंटर्नशिप, एवढा हा रस्ता आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात हा डिप्लोमा 1962 पासून चालतो. मुले विचारतात, "सर, पुढे सरकारी जागा निघतील का?" त्यांना काय सांगू, ते कृपया आपण कळवावे.

आपला,
सोलापुरातील एक शिक्षक