‘अंतराग्नी’ ऐकवणाऱ्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,
सादर नमस्कार.

गायक रघु दीक्षित यांच्या ‘द रघु दीक्षित प्रोजेक्ट’ या बँडचा ‘अंतराग्नी’ हा अल्बम २००८ साली निघाला. निपाणीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी श्रोत्यापर्यंत तो पोहोचला तो केवळ आपल्यामुळे, आणि त्याबद्दल चारचौघांत आभार मानावेत म्हणून हे पत्र.

आमच्या घरात कानडी येते ती बाजारहाटापुरती. त्यामुळे आपण नुसती गाणी ऐकवून थांबला असता, तर गिटार, व्हायोलिन आणि ड्रमचा ठेका मला आवडला असता आणि विषय तिथेच मिटला असता. आपण मात्र त्यातली कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची पदे वहीत देवनागरीत उतरवून दिलीत, ओळीओळीवर थांबून अर्थ सांगितलात आणि तीच पदे आपल्या गावच्या भजनात एकतारीवर कशी म्हणतात, तेही गाऊन दाखवलेत. आपल्या सीमाभागात कन्नड-मराठी म्हटले की बोलणे पाट्यांवर आणि मोर्चांवर घसरते. आपल्या ओट्यावर ते कधी घसरले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

‘गुडुगुडिया सेदी नोडो’ने (म्हणजे ‘गुडगुडी ओढून बघ’) तर मला पुरते धरून ठेवले. मनाची चंची सोडायची, रोजच्या मोहाची भांग बारीक चिरायची, स्मरणाच्या चिलमीत ती भरायची आणि वर बुद्धीचा विस्तव ठेवायचा, असा ओढण्याचा सगळा सरंजाम शरीफांनी त्यात मांडला आहे. माझ्या वडिलांची हयात तंबाखूच्या वखारीत गेली. त्यांना अर्थ सांगितला तेव्हा, इतका बिनचूक क्रम सांगणारा माणूस स्वतः ओढणाराच असणार, असा निर्वाळा त्यांनी दिला. एकनाथांची भारुडे ऐकत वाढलेल्यांना ही रूपकाची रीत परकी वाटत नाही. गोविंदभट्टांचे शिष्यत्व पत्करलेले हे शरीफ (१८१९–१८८९) मुलकी परीक्षा देऊन काही काळ शाळेत शिकवत होते, हे सांगताना आपला आवाज किंचित चढला होता. तो अभिमान पेशाचा होता, असे मी समजतो.

‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’ हे पद त्याहून गंभीर आहे. अज्ञानाने घराचे माळवद गळते आहे, तुळई मोडली आहे, जंत्या किडल्या आहेत आणि काळोखात वर चढून डागडुजी करायला कोणी नाही. मैसूरला वाढलेल्या, मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या रघु दीक्षितांनी या शब्दांना चाल नवी दिली, पण शब्द वाद्यांखाली दडपू दिले नाहीत. लोकसंगीताला आधुनिक साज चढवणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात, असे माझे मत आहे. अल्बममधील हिंदी आणि इंग्रजी गाणी ऐकायला बरी आहेत. ती मी फारशी परत लावत नाही.

आपण स्वतः एकतारीचे उपासक. असे असूनही या वाद्यमेळाला आपण नाक मुरडले नाही, उलट दोन्ही चाली एकामागोमाग ऐकवून निवड माझ्यावर सोपवलीत. मला दोन्ही हव्या आहेत, हे एव्हाना आपल्या ध्यानात आले असेलच.

माळवदाच्या पदाची शेवटची कडवी वहीत उतरवायची राहिली आहेत. सवड होईल तेव्हा निरोप धाडावा. या खेपेला वडीलही सोबत येणार म्हणतात.

आपला कृतज्ञ,
निपाणीचा एक श्रोता